झाल्यात जमा

'झाल्यात जमा' हा वाक्प्रचार ज्याने कोणी मराठीत आणला, त्याने आजवर बऱ्याच जणांच्या नोकऱ्या वाचवल्या असणार. काम झालेलं नाही, पण झालेल्या कामांच्या यादीत टाकून मोकळं व्हायचं आहे, अशा वेळी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. यातला 'जमा' हिशेबाच्या वहीतला. रक्कम अजून हातात पडलेली नाही, नोंद मात्र होऊन गेली.

काम संपण्याबद्दल मराठीत शब्दांची कमी नाही. उरकलं, आटोपलं, हातावेगळं केलं, निकालात काढलं, मार्गी लावलं, पार पाडलं, तडीस नेलं. शाळेत हे समानार्थी म्हणून पाठ करून घेतात, पण ते समानार्थी नाहीत. 'उरकलं' म्हणणारा स्वतःच्या सुटकेबद्दल बोलतो. काम कसं झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'हातावेगळं केलं' यात तर काम संपल्याचा दावाही नाही, ते आता माझ्या हातात नाही एवढंच. 'निकालात काढलं' ही फाइलींची भाषा. 'मार्गी लावलं' म्हणजे काम रस्त्याला लागलं, पुढे कुठे पोचलं ते विचारू नका. फक्त 'तडीस नेलं' यात पलीकडचा काठ दिसतो. वऱ्हाडात आम्ही या यादीत आपली भर घातली आहे. काम कुठवर आलं असं विचारलं की उत्तर येतं, 'होऊन रायलं'. हे उत्तर कधीच खोटं ठरत नाही.

लॉकडाऊनपासून धामणगाव रेल्वेसारख्या गावांतल्या कितीतरी घरांत पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम चालू झालं. वरच्या खोलीत मुलगा हेडफोन लावून बसलेला, खाली बाप कापसाचा किंवा तुरीचा हिशेब करत बसलेला. बापाचा प्रश्न ठरलेला असतो: 'झालं काय रे तुयं काम?' मुलगा म्हणतो, 'होऊन रायलं बाबा.' मग बाप विचारतो, 'मंग रोज सकाळी त्या फोनवर झालं, झालं काय म्हणत असतं?' हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच खोल आहे आणि सॉफ्टवेअरच्या धंद्याने त्यावर पंचवीसेक वर्षं डोकं चालवलेलं आहे.

ज्यांना या धंद्याची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲजाइल पद्धतीत काम छोट्या टप्प्यांत वाटतात. टप्पा बहुधा दोन आठवड्यांचा, फार तर महिन्याचा. त्याला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि कार्डं लावायला बोर्ड. बोर्डावर किमान तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. (आमच्याकडे: कराचं हाय, होऊन रायलं, झालं.) रोज सकाळी पंधरा मिनिटांत प्रत्येक जण आपलं कार्ड कुठे आहे ते सांगतो आणि टप्पा संपला की झालेलं काम दाखवलं जातं. व्यवस्था साधी आहे. भांडणं सगळी तिसऱ्या रकान्यावर होतात.

कारण कोड लिहिणारा 'झालं' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की कोड लिहून झाला आणि माझ्या मशीनवर चालतो. टेस्टिंगवालीच्या दृष्टीने काम आता कुठे सुरू झालं. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ते अजून पाहिलंही नाही. मॅनेजरने ते गेल्याच मंगळवारी ग्राहकाला 'झाल्यात जमा' म्हणून सांगितलेलं असतं. आणि ज्या माणसासाठी हे चाललंय, तो कुठल्यातरी गावात स्वस्त फोनवर, दोन काड्या नेटवर्कवर तो फॉर्म भरायचा प्रयत्न करतोय आणि बटण दाबलं की पांढरी स्क्रीन येते. शब्द एकच, माणसं पाच.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. सोबतच्या तत्त्वांमध्ये त्यांनी सांगितलं की प्रगती मोजायची तर चालत्या सॉफ्टवेअरवरून मोजा. आज हे वाचताना फार मोठं वाटत नाही. पण तोवर प्रकल्प किती पुढे गेला हे कागदावरून ठरायचं: आराखडा मंजूर झाला, वीस टक्के, डिझाइन झालं, चाळीस टक्के. चालणारं काहीच हातात नसताना प्रकल्प 'नव्वद टक्के पूर्ण' असू शकायचा. बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिल यांच्या नावावर याबद्दलचा एक विनोद आहे: पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. घर बांधलेल्या कोणालाही हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

पुढे केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम पद्धतीत यावर सरळ नियमच आला. काम 'झालं' म्हणजे काय, याची व्याख्या आधी लिहून ठेवा: कोड दुसऱ्याने तपासला, चाचण्या झाल्या, जुनं काही मोडलं नाही, कागदपत्रं लिहिली, जे काही तुमच्या कामाला लागू असेल ते. या व्याख्येत न बसणारं काम टप्प्याच्या शेवटी दाखवायचंसुद्धा नाही. ते मुकाट्याने यादीत परत जातं. नव्वद टक्क्यांना ग्रेस मार्क नाहीत.

मला या नियमातलं शिस्तीपेक्षा दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. 'झालं' हे कामाचं वर्णन आहे असं आपण धरून चालतो, जसं 'भिंत पांढरी आहे' हे भिंतीचं वर्णन. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत दाखवलं की काही वाक्यं वर्णन करतच नाहीत, ती बोलणं हीच एक कृती असते. पंचाने 'आउट' म्हटलं की फलंदाज बाद होतो. तसंच टीममध्ये कोणी 'झालं' म्हटलं की काहीतरी घडतं: काम एका माणसाकडून सुटतं आणि जे काही उरलं असेल ते दुसऱ्याच्या अंगावर जातं. 'झालं' म्हणणं म्हणजे उरलेल्याची वाटणी करणं. आणि ही वाटणी बऱ्याचदा ज्याच्या अंगावर पडते, तो त्या खोलीत नसतो.

म्हणूनच काही ठिकाणी समाजाने आणि कायद्याने व्याख्या पक्की करून ठेवली आहे. आपल्याकडे अक्षता पडल्या की लग्न लागलं, पाव्हणे पंगतीकडे वळले. हिंदू विवाह कायदा, १९५५ वेगळं सांगतो: ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. सहाव्या पावलावर नाही. तोवर अर्धा मांडव जेवून घरी गेलेला असतो, तरी पाहुण्यांच्या 'झालं'ला कायद्यात किंमत नाही. कारण उद्या वाद झाला, हक्क मागायची वेळ आली, तर त्या बाईला कुठेतरी बोट ठेवता आलं पाहिजे.

फोनवरचं उदाहरण घ्या. यूपीआयने पैसे पाठवले, आपल्या खात्यातून कापले गेले, समोरच्याला मिळाले नाहीत. आपल्या बँकेच्या कॉम्प्युटरचं काम झालेलं असतं. रक्कम वजा झाली, नोंद पडली. समोरचा म्हणतो, नाही आले. दोघंही खरंच बोलतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यावर परिपत्रक काढलं: यूपीआयने पाठवलेली रक्कम वजा होऊन समोरच्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत आली पाहिजे, त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे 'झालं' कोणाच्या बाजूने मोजायचं हे ठरलं आणि अर्धवट राहिलं तर भुर्दंड कोणाला हेही ठरलं. यातला दुसरा भाग नसता तर पहिला भाग भिंतीवरच्या सुविचारासारखा राहिला असता.

व्याख्या कोण लिहितो यावर किती काही अवलंबून असतं, हे पाहायचं तर सॉफ्टवेअरमधून बाहेर यावं लागेल. 'गावात वीज पोचली' हे आपण नेहमी ऐकतो. १९९७ च्या आधीच्या सरकारी व्याख्येप्रमाणे गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत. शिवारात एका विहिरीवर मोटर चालली तरी पुरे, मग गावठाण अंधारात का असेना. १९९७ मध्ये वीज वस्तीत हवी असं ठरलं. २००४ मध्ये आणखी सुधारणा झाली: वस्तीत आणि दलित वस्तीत ट्रान्सफॉर्मर आणि तारा हव्यात, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज हवी, आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. व्याख्या प्रत्येक वेळी आधीपेक्षा प्रामाणिक होत गेली हे मान्यच करायला हवं. पण शेवटचा आकडा पुन्हा वाचा. शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी कार्ड 'झालं'च्या रकान्यात जाऊ शकत होतं. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेसांगला वीज पोचली आणि देशातली सगळी गावं विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. त्या व्याख्येत ती घोषणा खोटी नव्हती. घराघरात जोडणी देणारी 'सौभाग्य' योजना तिच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू करावी लागली होती, यावरून काय उरलं होतं ते कळतं.

आणि पाणी. विदर्भात राहून पूर्ण-अपूर्ण या विषयावर लिहायचं आणि धरणांचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. १९८३ मध्ये मंजूर झालेला खर्च होता सुमारे ३७२ कोटी. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. पुढे खर्चाचा अंदाज १८,००० कोटींच्या वर गेला. पायाभरणीच्या दिवशी जन्मलेलं मूल आज सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड असायच्या वयाचं आहे. पण उशीर हा माझा इथला मुद्दा नाही. पाटबंधाऱ्यांच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, मुद्दा त्यांचा आहे: 'निर्मित सिंचन क्षमता' आणि 'प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र'. भिंत बांधली, पाणी अडलं, मुख्य कालवा काढला की अमुक हेक्टर क्षमता निर्माण झाली. पुढच्या वितरिका, शेतचाऱ्या झाल्या की नाही, झाल्या तर त्यांत गाळ आणि झुडपं किती, टेलच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाणी येतं का, हा दुसऱ्या शब्दाचा विषय. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दिसलं की दशकभरात सिंचित क्षेत्राचं एकूण पिकाखालच्या क्षेत्राशी असलेलं प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ वर आलं. एवढ्या वर्षांच्या एवढ्या खर्चानंतर ०.१ टक्का. त्यावरून जे वादळ उठलं ते सर्वांना ठाऊक आहे; नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि वेगळा हिशेब मांडला. त्यातल्या भ्रष्टाचाराच्या आरोपांत मी इथे शिरत नाही. आरोपांशिवायही एक गोष्ट शिल्लक राहते: एकच काम एका वहीत पूर्ण आणि दुसऱ्या वहीत अपूर्ण असू शकतं, आणि दोन्ही वह्या नियमाप्रमाणे लिहिलेल्या असू शकतात.

कालव्याच्या तोंडाशी बसलेला माणूस व्याख्या लिहितो तेव्हा ती भिंतीपाशी संपते. टेलच्या शेतकऱ्याने लिहिली असती तर ती त्याच्या पऱ्हाटीच्या मुळाशी संपली असती. सॉफ्टवेअर टीममध्येही असंच होतं. फक्त कोड लिहिणारे व्याख्या लिहायला बसले तर ती कोडपाशी थांबते. टेस्टिंगवाली, रात्री दोनला सर्व्हर बंद पडला की ज्याचा फोन वाजतो तो, आणि ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी, ही मंडळी खोलीत असली की यादीत आपोआप दोन-चार कंटाळवाण्या ओळी वाढतात. नेटवर्क तुटलं तर काय? तोच माणूस दोनदा बटण दाबेल तर? चूक झाली तर मागे कसं फिरायचं? त्या कंटाळवाण्या ओळी म्हणजेच उरलेलं काम, जे एरवी न सांगता त्यांच्या अंगावर गेलं असतं.

आता खरी अडचण. समजा व्याख्या उत्तम लिहिली आहे. गुरुवारची संध्याकाळ, उद्या डेमो. नोकरीला लागून आठ महिने झालेल्या मुलीच्या कार्डावरची एक चाचणी अजून व्हायची आहे. लीड म्हणतो, 'कार्ड हलव ना, सोमवारी बघू.' तिने 'नाही झालं' म्हणावं अशी आपली अपेक्षा. पण त्या दोन शब्दांची किंमत कोण देणार? टीमने किती कार्डं पूर्ण केली यावर टीमचा वेग मोजतात, वेगावरून मॅनेजरचं मूल्यमापन होतं, त्यावरून तिचं. अशा ठिकाणी तिच्या प्रामाणिकपणावर प्रवचन देणाऱ्यांची मला चीड येते. 'नाही झालं' म्हटल्यावर जिथे फक्त कार्ड यादीत परत जातं, तिथे साधी माणसंही खरं बोलतात. जिथे तेच म्हटल्यावर पगारवाढ जाते, तिथे सज्जन माणसंही 'झाल्यात जमा' म्हणायला शिकतात. खरं बोलणं स्वस्त करून ठेवणं हे वरच्यांचं काम आहे, आणि बोर्डावरच्या इतर सगळ्या कार्डांच्या आधीचं.

व्याख्येने वरच्यांचेही हात बांधले जातात, हे लोक विसरतात. आमच्या भागात कापूस विकायला नेणाऱ्याला हे चांगलं समजतं. कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर असेल तर गाडी परत. ग्रेडरशी वाद होतात, मशीनबद्दल शंका घेतल्या जातात, सगळं होतं. तरीही आकडा आधीच माहीत असल्यामुळे शेतकरी घरीच कापूस वाळवून नेऊ शकतो, आणि ७ टक्के दाखवल्यावर ग्रेडर 'आणखी थोडा वाळवा' म्हणू शकत नाही. खेडा खरेदीत, जिथे व्यापारी मूठभर कापूस दाबून पाहतो आणि मान हलवतो, तिथे ही सोय नाही. लिखित व्याख्या नसलेल्या ऑफिसात रात्री दहाला येणारा 'जरा एवढंही करून टाक' हा मेसेज त्या मान हलवण्यासारखाच असतो. यादीतल्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या असतील तर लॅपटॉप मिटायचा हक्क आहे. चांगली व्याख्या काम करणाऱ्यालाही घरी पाठवते. अर्थात शेतकऱ्याचं 'झालं' ओलाव्यापाशीही संपत नाही. काटापट्टी हातात आली तरी चुकारा खात्यात पडेपर्यंत त्याचं काम चालूच असतं, आणि त्या दिवसांचा हिशेब कुठल्याच बोर्डावर लागत नाही.

कोणी म्हणेल, असं मोजत बसलं तर काहीच कधी पूर्ण होणार नाही. प्रत्येक कामाच्या पुढे आणखी एक माणूस असतोच. हा आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर 'चालू ठेवा' असं मिळालं तर काय होतं, तेही आमच्याच शेतात दिसतं. कपाशीचे वेचे संपत आले, तरी पाणी दिलं तर झाड पुन्हा पात्या-फुलं धरतं, आणखी थोडा कापूस निघतो. त्याला फरदड म्हणतात. कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतात की डिसेंबर-जानेवारीपर्यंत हंगाम संपवा, पऱ्हाटी उपटा, फरदड घेऊ नका. कारण गुलाबी बोंडअळीचं मुख्य अन्न कापूस. शेतात हिरवी बोंडं राहिली की तिला खायला मिळत राहतं आणि पुढच्या हंगामापर्यंत तिची साखळी तुटत नाही. २०१७ मध्ये विदर्भात तिने काय केलं ते ज्यांनी बोंडं फोडून पाहिली त्यांना सांगायला नको. काम वेळेवर न संपवण्याचं बिलही असंच दुसऱ्याच्या नावावर फाटतं, फक्त ते पुढच्या जूननंतर येतं.

आणि इथेही तोच पेच आहे. ज्याने डिसेंबरात पऱ्हाटी काढली त्याने दोन-चार क्विंटल कापूस सोडला, आजच्या भावात तो काही थोडा पैसा नव्हे. शेजाऱ्याने ठेवली तर अळी बांध ओलांडून येणारच. म्हणून उपटायची तारीख अख्ख्या गावाने मिळून ठरवली तर उपयोग. तशी तारीख ठरवायला चार माणसं पारावर बसली की पहिला प्रश्न निघतो तो हाच: कोरडवाहूवाले ऐकतील, त्यांच्याकडे फरदडीला पाणीच नाही, पण कालव्याच्या तोंडाशी ज्याचं वावर आहे, तो ऐकन काय भाऊ?